अण्णांबरोबर वेकोला

अण्णा, म्हणजे माझे वडील, टीव्हीचा आवाज बंद करून 'फिक्सर अपर' बघतात. माणसं बोलायला लागली की त्यांच्या हातांकडं लक्ष राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. सांगलीच्या गावभागात ४५ वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला भिंत उघडताना काय होतं हे कुणी इंग्रजीत सांगायची गरजही नाही.

जानेवारीत ते आमच्याकडे अमेरिकेत, डॅलसजवळच्या प्लेनोला आले तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती. दुपारचा वेळ जावा म्हणून मी हा कार्यक्रम लावून दिला. चिप आणि जोआना गेन्स हे नवरा-बायको टेक्सासमधल्या वेको गावात मोडकळीला आलेली घरं घेतात, पाडायचं ते पाडतात, ठेवायचं ते ठेवतात आणि शेवटी घरमालकासमोर जुन्या घराचं भलंमोठं चित्र दोन बाजूंना ओढून नवं घर दाखवतात. २०१३ ते २०१८ अशी पाच पर्वं झाली, पुढं त्यांनी मॅग्नोलिया नावाचं स्वतःचं चॅनेलच काढलं. अण्णांनी पाचही पर्वं बघितली, काही भाग दोनदा. टेबलं करणारा क्लिंट हार्प पडद्यावर आला की ते खुर्चीत पुढं सरकून बसायचे.

मार्चच्या शेवटी, पाडव्याच्या आठवड्यात, त्यांनी विचारलं, "हे गाव लांब हाय का गं?"

दोन तासांचा रस्ता. नवरा आणि लेक घरी थांबले, आम्ही दोघं निघालो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच दिवसांत सांगलीत आमच्या घराचं बोलणं चाललं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या घराचा खालचा सोपा पाण्यात होता. तेव्हापासून दादाचं मत पक्कं झालंय, घर पाडून बिल्डरला द्यावं, वर दोन फ्लॅट मिळतील. तो चुकीचं बोलतोय असं मला कधी वाटलं नाही. पुराचा चिखल त्यानं आणि वहिनीनं उपसलाय, मी नाही. अण्णा मात्र या विषयावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

पहिला दिवस, शुक्रवार

डॅलस मागं पडलं की आय-३५ महामार्गाच्या दोन्ही अंगांना ब्लूबॉनेट दिसायला लागतात. टेक्सासचं हे राज्यफूल, मार्च-एप्रिलमध्ये रस्त्याकडेची गवताळ पट्टी निळीजांभळी करून टाकतं. अण्णांनी काच खाली करायला लावली.

वेकोच्या थोडं अलीकडे वेस्ट नावाचं गाव लागतं. नाव वेस्ट आणि वस्ती चेक लोकांची. एकोणिसाव्या शतकात चेक शेतकरी टेक्सासच्या काळ्या मातीत येऊन राहिले, त्यांनी आपला कोलाची सोबत आणला. मऊ, किंचित गोड पाव, मध्ये खळगा आणि त्यात जर्दाळू, प्लम किंवा चीज. महामार्गालगतचं चेक स्टॉप हे दुकान चोवीस तास उघडं असतं. काचेच्या कपाटात काळ्या सारणाचा एक प्रकार होता. विचारलं तर खसखस. अण्णांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "तुझी आई अनारशाला लावायची ती पांढरी. ही काळी, पण घरचीच लागती." अजून दोन घेतले.

वेकोत शिरताना लांबूनच दोन गंजलेली कोठारं दिसतात. हेच ते सायलोज. १२० फूट उंच, पत्र्याचे दोन गोल बुरूज. मी अण्णांना सांगितलं की इथं १९१० पासून ब्राझोस व्हॅली कॉटन ऑइल कंपनी होती आणि ही कोठारं १९५० मध्ये कापसाचं बी साठवायला बांधली.

"म्हणजे सरकी?" अण्णा थबकले. "सरकीची कोठारं?"

महिनाभर कार्यक्रम बघूनही मला हा शब्द सुचला नव्हता. सरकी म्हटल्यावर त्या बुरुजांचं सगळं परकेपण गेलं. तेल काढायचं, पेंड जनावरांना घालायची, हे आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला पाठ असतं. वेको एकेकाळी कापसाच्या व्यापारावर उभं होतं. तो व्यापार ओसरला, कोठारं कित्येक वर्षं ओस पडून राहिली. गेन्स जोडप्यानं ती जागा घेतली आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मॅग्नोलिया मार्केट उघडलं. बुरुजांना रंग लावला नाही, गंज तसाच ठेवला. मला वाटतं, इथला सगळ्यात चांगला निर्णय हाच. चकचकीत करून टाकले असते तर ते कुठल्याही मॉलचे खांब दिसले असते.

आत जायला तिकीट नाही. कोठारांसमोर हिरवळ, खाण्याच्या गाड्या, एक बाग, बेकरी, दुकानं, पोरांना खेळायला मैदान. शुक्रवार असूनही गर्दी होती, बहुतेक बायका, आई-मुली जोडीनं आलेल्या. मुख्य दुकानात आम्ही अर्धा तास फिरलो. टोपल्या, मेणबत्त्या, घड्याळं, लाकडी पाट्या. नव्या वस्तूंना जुनेपणाचा रंग दिलेला पुष्कळ माल आहे आणि तो मला आवडला नाही. कार्यक्रमाचा जीव जुन्या वस्तूला जुनी म्हणून मान देण्यात आहे, तिथं जुन्यासारखी दिसणारी नवी वस्तू विकणं पटत नाही. अण्णांनी एका पाटाची किंमत विचारली आणि तो काळजीपूर्वक जागेवर ठेवला.

पण खरी वस्तू पुढं होती. आवारात एक छोटं पांढरं लाकडी चर्च आहे, १८९४ सालचं. वेकोतल्याच दुसऱ्या जागेवरून ते इथं आणून नीट केलं आणि २०२० मध्ये लोकांना खुलं केलं. आत गेल्यावर अण्णांनी चपला काढल्या. मी काही बोलले नाही. एका बाकावर बसून त्यांनी वर बघितलं, मग भिंतीकडं, मग उठून खिडकीच्या चौकटीवरून अंगठा फिरवला. पंधरा मिनिटं तरी ते असे एकेका सांध्यापाशी थांबत होते. खिशातला टेप त्यांनी बाहेर काढला आणि माझ्याकडं बघून परत आत ठेवला.

"मोजा की," मी म्हटलं.

"देवाच्या घरात नको."

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं ते लाकडाबद्दल नव्हतं. "हे हलवून आणायला लय खर्च आला असंल. तेवढ्यात नवं झालं असतं. मग का आणलं?"

मला उत्तर आलं नाही. बेकरीतून 'शिपलॅप' नावाचा व्हॅनिलाचा कपकेक घेऊन आम्ही हिरवळीवर बसलो. अंडं चालत नाही म्हणून तो मीच खाल्ला आणि शिपलॅप म्हणजे काय ते अण्णांनी मला समजावलं. जुन्या टेक्सासी घरात आतून पाइनच्या फळ्या आडव्या ठोकत. प्रत्येक फळीच्या कडेला अर्ध्या जाडीची खाच, म्हणजे एकीवर दुसरी बसते आणि फट दिसत नाही. त्यावर पातळ कापड ताणायचं, कापडावर कागद चिकटवायचा. पुढच्या पिढ्यांनी त्या कागदावर अजून कागद, मग प्लायवूड आणि जिप्समचे पत्रे चढवले आणि फळ्या विसरल्या गेल्या. जोआना तेच उघडून दाखवायची. हातोड्यानं एक तुकडा निघाला की आत शंभर वर्षांची फळी. कार्यक्रमामुळे अमेरिकेतल्या नव्या घरांतसुद्धा लोक मुद्दाम अशा फळ्या लावायला लागले.

"आपला कडीपाट न्हवं का," अण्णा म्हणाले. "फक्त आपण डोक्यावर घालतो, ह्यांनी भिंतीला लावलाय."

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी मॅग्नोलिया टेबलला नाश्ता. हे जोडप्याचं रेस्टॉरंट २०१८ मध्ये सुरू झालं, पण जागा जुन्या एलीट कॅफेची. ग्रीसहून आलेल्या भावांनी एलीट १९१९ मध्ये काढलं, ट्रॅफिक सर्कलजवळची ही शाखा १९४१ ची. रांग मोठी होती. खारट बिस्किटं आणि स्ट्रॉबेरी घातलेलं लोणी चांगलं होतं.

मग गल्ल्या. कार्यक्रमातली बहुतेक घरं खासगी आहेत, माणसं राहतात, त्यामुळं गाडी हळू चालवत बाहेरून बघायचं आणि पुढं जायचं. काही घरं आता पर्यटकांना रात्रीच्या भाड्यानं देतात. दाराला मॅग्नोलियाच्या पानांचं कडं लावलेलं दिसलं की अण्णा बोट दाखवायचे.

कोठारांपासून फार लांब नसलेलं एक चिमुकलं घर, त्याला शॉटगन हाऊस म्हणतात. मधला बोळ नाही, खोलीतून खोली, सरळ रेषेत. आमच्याकडे अशा घराला आगगाडी म्हणतात. कार्यक्रमासाठी एका जोडप्यानं हे २८ हजार डॉलरला घेतलं, दुसऱ्या जागेवर हलवून नीट करून घेतलं. २०१७ मध्ये तेच घर साडेनऊ लाख डॉलरला विकायला काढलं होतं. जेमतेम हजार चौरस फूट. हा आकडा ऐकून अण्णा बराच वेळ गप्प होते. आम्हां दोघांच्याही मनात एकच होतं: ज्या गल्लीत अशी किंमत लागते तिथं शेजारचा भाडेकरू किती दिवस टिकणार? २०२० च्या जनगणनेत वेकोची वस्ती १ लाख ३८ हजार, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाडच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. एवढ्याशा गावात टीव्हीवर चेहरा आलेलं प्रत्येक घर शेजाऱ्यांचा हिशेब बदलत असणार.

ऑस्टिन अॅव्हेन्यूवरचा दगडी किल्ला, कॉटनलँड कॅसल, आम्ही फुटपाथवरूनच बघितला. १८९० मध्ये सुरू झालेलं बांधकाम मालकाचे पैसे संपल्यानं रखडलं आणि १९१३ ला कुठं पुरं झालं. गेन्स जोडप्यानं २०१९ मध्ये घेऊन तो नीट केला, त्यावर वेगळी मालिकाही आली. अण्णांना किल्ल्यात रस नव्हता. त्यांनी तिथं उभं राहून एक प्रश्न विचारला, जो त्यांना महिनाभर छळत होता.

"तो चिप भिंतीला घण घालतो तवा धूळ कुठं जाती? कुणाच्या नाकाला फडकं नसतं."

त्यांच्या छातीत अजून सागाची धूळ आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं. मी त्यांना जे वाचलं होतं ते सांगितलं. १९७८ च्या आधीच्या अमेरिकी घरांच्या रंगात शिसं असू शकतं, खरवडलं की ते धुळीत येतं आणि लहान मुलांना फार बाधतं. असं काम करताना नियम पाळावे लागतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं कार्यक्रमाचे भाग बघून चौकशी केली आणि २०१८ मध्ये गेन्स यांच्या कंपनीनं ४० हजार डॉलर दंड भरला, वर १ लाख ६० हजार डॉलर वेकोतल्या घरांमधला शिशाचा रंग काढायला द्यायचं कबूल केलं. अण्णांनी मान हलवली. "दंडाचा पैसा गावातच लागला, हे बरं केलं."

दुपारी डॉक्टर पेपर म्युझियम. हे पेय वेकोचं. १८८५ मध्ये मॉरिसन यांच्या कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात चार्ल्स आल्डर्टन या औषध बनवणाऱ्यानं ते तयार केलं, कोका-कोलाच्या एक वर्ष आधी. म्युझियम आहे ती १९०६ ची बाटल्या भरायची इमारत. आतल्या बाटल्या आणि जाहिराती मी बघितल्या, अण्णांनी बाहेरची भिंत बघितली. "इथनं इथपर्यंत वीट वेगळी हाय." बरोबर होतं. ११ मे १९५३ ला वेकोच्या मध्यावरून चक्रीवादळ गेलं, ११४ माणसं गेली, शहरातल्या इमारती कोसळल्या. या इमारतीची भिंतही पडली आणि पुन्हा बांधताना वीट जुळली नाही. ठिगळ तसंच दिसतं. अण्णांनी त्या जोडावर हात ठेवून फोटो काढायला सांगितला. या अख्ख्या प्रवासात त्यांनी स्वतःहून मागितलेला हा एकच फोटो.

संध्याकाळी हॉटेल १९२८ च्या तळमजल्यावर चहा. श्रायनर्स या मंडळींनी १९२८ मध्ये बांधलेलं सभागृह, पुढं काउंटीच्या कचेऱ्या, २०२३ पासून हॉटेल. तिथं बसलो असताना दादाचा फोन आला. करारनामा तयार आहे, अण्णांची सही लागेल, आल्यावर लगेच. अण्णा "बरं" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी थंड झालेला चहा प्यायला.

तिसरा दिवस, रविवार

रविवारी मॅग्नोलियाचं सगळं बंद असतं. येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बरेच जण शनिवार-रविवार धरून येतात आणि अर्धी सहल बंद दारासमोर जाते. आमच्यासाठी मात्र रविवारच सगळ्यात भरलेला ठरला.

सकाळी ब्राझोस नदीवर. इथला झुलता पूल १८७० च्या जानेवारीत खुला झाला. ४७५ फुटांचा एकच गाळा, दोन्ही काठांवर विटांचे मनोरे. तारेचे दोर रोबलिंग यांच्या कंपनीचे, ज्यांनी पुढं न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधला. चिझम ट्रेलवरून उत्तरेला जाणारी गुरं इथून पार व्हायची आणि प्रत्येक डोक्यामागं टोल द्यावा लागायचा. आता पुलापाशी लांब शिंगांच्या गुरांचा आणि राखणदारांचा ब्राँझचा कळप आहे. १९७१ पासून पुलावर फक्त पायी जाता येतं. २०२० मध्ये दुरुस्तीला बंद केला, दोर बदलले आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडला.

"दोर बदलले, मनोरे ठेवले," अण्णा म्हणाले आणि मध्यावर जाऊन कठड्याला टेकले. पाणी संथ, मातकट. आयर्विन पुलावर ते असेच टेकतात. तो १९२९ चा, त्यांच्या वडिलांनी उद्घाटन बघितलेला. पुराच्या दिवसांत पाणी किती फुटांवर आहे ते त्याच पुलापाशी मोजतात आणि सगळी सांगली त्या एका आकड्यावर जागी राहते.

सिटी हॉलकडं चालत गेलो, कारण तिथला एक फलक बघायचा होता. १५ मे १९१६ ला जेसी वॉशिंग्टन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला खटला संपताच जमावानं कोर्टातून ओढून आणलं आणि इथं जिवंत जाळलं. दहा हजारांवर माणसं बघायला होती, छायाचित्रं काढून त्यांची पोस्टकार्डं विकली गेली. गावानं तिथं फलक लावायला २०२३ उजाडलं. मी वाचून मराठीत सांगितलं. अण्णांनी टोपी काढली. वेकोचं नाव बाहेर पूर्वी १९९३ च्या वेढ्यामुळं माहीत होतं, गावाबाहेर एका पंथाच्या वस्तीला सरकारी दलांनी ५१ दिवस घातलेला वेढा, जो आगीत संपला. आता लोक वेको म्हटलं की पांढरी स्वयंपाकघरं आठवतात. गावाला नवं नाव मिळालं याचा मला आनंद आहे. तरीही इथं येणाऱ्यानं कोठारांपासून थोडं चालून या फलकासमोर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटी मॅमथ. १९७८ मध्ये दोन तरुणांना ओढ्याकाठी एक मोठं हाड सापडलं, पुढं वर्षानुवर्षं खोदकाम चाललं आणि कोलंबियन मॅमथांचा, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदांचा, अख्खा कळप मिळाला. २०१५ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक झाली. सगळी हाडं उचलून नेली नाहीत, काही जिथं सापडली तिथंच आहेत, वर मोठी शेड उभारलीय आणि आपण उंच पुलावरून खाली बघत जायचं. रेंजरताईंनी सांगितलं की सुमारे ६५ हजार वर्षांपूर्वी माद्या आणि पिल्लं नदीकाठी एकत्र गेली असावीत, बहुधा अचानक आलेल्या पाण्यात अडकून.

मी भाषांतर केलं. अण्णा खालच्या मातीकडं बघत होते. मग म्हणाले, "पाणी आलं तवा तुझी वहिनी लेकरं घेऊन माडीवरच होती. दोन रात्री." थोड्या वेळानं, "माडीनं काय केलं नाही त्यांना. खालचा सोपा भिजला, माडी हलली नाही. कडीपाट माझ्या वडलांनी घातलाय, सागाचा."

परतीच्या वाटेवर पहिली काही मिनिटं ते बोलले नाहीत. मग गाडीच्या खणातून कागद मागितला, कानामागची पेन्सिल काढली.

"दादाला फोन लाव. म्हणावं, सही करीन का नाही ते आल्यावर बघू. खालचा सोपा पाडायचा तर पाड, पण माडीला मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नको."

दादा तिकडून बरंच बोलला. रात्र होती तिकडे, झोपेतून उठवला होता त्याला. त्याचं सगळं म्हणणं अण्णांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर ते कागदावर रेघा मारायला लागले. माडीचे तीन खण, प्रत्येक खणात कड्या किती, दोन कड्यांमध्ये फळ्या किती, डोळे मिटून आठवायचं आणि लिहायचं. कुठली फळी वाळवीनं गेलीय, कुठली निघू शकते.

वेस्टची पाटी दिसली तेव्हा ते ८४ वर होते. "खसखशीचे चार घे," म्हणाले आणि पुन्हा मोजायला लागले.